गणितात न धरलेला पिवळा झेंडा

बातमी आली तेव्हा मी अमेरिकेत, कॅरीतल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत होते. फळ्यावर 'प्र' आणि 'र्प' लिहून झाले होते, मुलं ते गिरवत होती आणि एकमेकांशी इंग्रजीत भांडत होती. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरायला लागला. नाव टायलरचं होतं. टायलर फोन करणाऱ्यातला नाही. मेसेज करतो, तोही एखाद-दुसऱ्या शब्दाचा. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. त्याच्या त्या शब्द लांबवत बोलण्याच्या दक्षिणी इंग्रजीत तो म्हणाला, "मॅम, मिस शुभा गेल्या. विनयना बोलता येत नाहीये, म्हणून मी करतोय फोन."

जाणार हे माहीत होतं. गेले काही महिने आम्ही सगळेच ते मनात धरून वावरत होतो. तरी मी भिंतीला टेकले आणि अगदीच वेडगळ प्रश्न विचारला, "कुठे?" तो म्हणाला, "घरीच. मी होतो तिथे."

शुभदा देशकर माझी मैत्रीण. नागपूरची मुलगी, मेकॅनिकल इंजिनियर, आणि आयुष्याची बरीच वर्षं शार्लटजवळच्या एका रेसिंग टीममध्ये गाड्यांच्या टायरचं गणित मांडणारी. टायलर त्याच टीमचा ड्रायव्हर होता. तिच्या आकड्यांवर त्याची गाडी धावायची, आणि तिच्याच एका आकड्यामुळे त्याचं गाडी चालवणं कायमचं थांबलं. तरीही ती गेल्याचं मला त्यानेच कळवलं. हे कसं झालं ते नीट लिहून ठेवावं असं गेले काही आठवडे वाटत होतं. आज जमतंय, निदान सुरुवात तरी झाली आहे.

आमची ओळख माझ्याच घरच्या दिवाळी फराळाला झाली. विनय, तिचा नवरा, डेंटिस्ट. तो माझ्या मिस्टरांच्या ओळखीचा, म्हणून दोघं शार्लटहून गाडी हाकत आले होते. ती काय करते हे कळल्यावर आमच्याकडचे एक रिटायर्ड डॉक्टरकाका चकली मोडत म्हणाले, "पण त्या गाड्या नुसत्या गोल गोल फिरतात ना? डावीकडे वळायचं, परत डावीकडे वळायचं. त्याला कसलं आलंय गणित?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुभदा मात्र खुश झाली. "काका, थांबा, दाखवते," म्हणाली, आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेली. तिथून स्टीलचा पाण्याचा पेला घेऊन आली, वर रुंद आणि खाली निमुळता असतो तो. खाली बसून तिने तो फरशीवर आडवा ठेवला आणि हलकेच ढकलला. पेला सरळ गेला नाही. गोल वळला, टेबलाच्या पायाला वळसा घालून जवळजवळ तिच्या गुडघ्याशी परत आला. "रुंद बाजू जास्त अंतर कापते, अरुंद बाजू कमी. म्हणून तो वळतो. आमच्या गाडीचे उजवे टायर डाव्यांपेक्षा थोडे मोठे असतात. गाडीला मुळातच डावीकडे वळायचं असतं, ड्रायव्हरने नुसतं हो म्हणायचं. आता किती मोठे, हे तुम्ही सांगा मला." काका हसले. मुलांनी मात्र त्या संध्याकाळी माझ्या कपाटातला एकही पेला जागेवर ठेवला नाही.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. स्टॉक कार म्हणजे बाहेरून आपल्या रस्त्यावरच्या सेडानसारखी दिसणारी, आतून मात्र पूर्ण वेगळी गाडी. अंडाकृती ट्रॅकवर अशा कितीतरी गाड्या एकमेकींना जवळजवळ चिकटून शेकडो फेऱ्या मारतात. इथल्या दक्षिणेकडच्या लोकांच्या रक्तातच ते आहे. मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तेव्हा दोन्ही कानांवर हेडफोन घालूनसुद्धा तो आवाज छातीत बसला. जळक्या रबराचा वास, तळणीचा वास, उन्हाने लाल झालेली माणसं. आणि त्या सगळ्यात निळा टीशर्ट, केसांचा घट्ट अंबाडा आणि हातात उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी घेऊन उभी असलेली शुभदा. "अगं खा ना, आपल्याच शेंगा आहेत बाप्पा! इथे येऊन मला हे सापडलं आणि मी म्हटलं, चला, जमेल आपलं इथे." ती पिशवी रॉयने दिलेली असायची. रॉय म्हणजे टीमचा क्रू चीफ, गाडीबद्दलचा शेवटचा शब्द त्याचा. ती टीममध्ये आली तेव्हा पहिला सबंध सीझन तो तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नव्हता. पुढे तिला 'डॉक' म्हणायला लागला, आणि शेंगा आणायला लागला.

तिचं समजावून सांगणं मला फार आवडायचं. मी औषधांच्या कंपनीत स्टॅटिस्टिक्स करते, आकड्यांशी माझं रोजचं नातं आहे. पण माझे आकडे स्क्रीनवर असतात, तिचे ट्रॅकवर तापायचे. एकामागे एक धावणाऱ्या दोन गाड्या एकट्या गाडीपेक्षा वेगात जातात, हे तिने मला तिथे दाखवलं. मागचीला वारा कमी लागतो हे कोणालाही समजतं. "पण पुढचीलाही फायदा होतो," ती म्हणायची. "पुढच्या गाडीच्या पाठीमागे हवेत खळगा पडतो आणि तो तिला मागे ओढत असतो. दुसरी गाडी येऊन तो खळगा भरते. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून पळतात आणि शेवटच्या फेरीला एकमेकींचा गळा धरतात." टायरबद्दल बोलायला लागली की मग तिला थांबवणं अवघड. टायरवर वजन दुप्पट टाकलं की पकड दुप्पट होत नाही, त्याहून थोडी कमी पडते. वळणावर गाडीचं वजन उजवीकडे लोटलं जातं, म्हणून एकूण पकड घटते. "आमचा सगळा धंदा त्या 'थोडी कमी'मध्ये आहे," असं ती म्हणायची, आणि त्यात तक्रार नसायची, लाडच असायचा.

टायलर त्यांच्याकडे आला तेव्हा विशीतला होता. डोंगराकडच्या एका छोट्या गावातला, आई एकटी, बापाचा पत्ता नाही. चिखलाच्या ट्रॅकवर गाड्या चालवत वर आलेला. शाळा त्याने अर्ध्यावर सोडली होती आणि आकड्यांना तो भ्यायचा. पण गाडीला काय होतंय हे तो शरीराने ओळखायचा. ट्रॅकवरून आत आला की शुभदाला सांगायचा, "डॉक, तिसऱ्या वळणात ती माझ्याशी भांडते." शुभदा त्यावरून स्प्रिंगचा हिशेब बदलायची. मला ती म्हणायची, "माझ्याकडे एवढे सेन्सर आहेत ना, त्यांतला हा सगळ्यात महाग."

अपघात झाला ती रेस रविवारी दुपारची होती. मी तिथे नव्हते, घरी टीव्हीवर बघत होते. त्यात काय घडलं हे समजायला टायरमधल्या हवेचं थोडं गणित लागतं, तेवढं सांगते. टायर धावायला लागला की तापतो, आतली हवा प्रसरण पावते, दाब वाढतो. सुरुवातीलाच दाब योग्य ठेवला तर तापल्यावर तो फार होतो आणि पकड जाते. म्हणून सगळ्या टीम्स थंड टायरमध्ये हवा मुद्दाम कमी ठेवतात. काही फेऱ्यांत ती आपोआप हव्या त्या दाबाला पोचते. जितकी कमी ठेवाल तितकी गाडी जास्त वेळ पकड धरेल, पण त्या पहिल्या फेऱ्यांत टायर तितकाच कमजोर असेल. किती कमी? तो आकडा शुभदा काढायची. त्या दिवशीही तिने काढला होता, आणि नेहमीपेक्षा जरा खालचा काढला होता. ऊन होतं, ट्रॅक तापलेला होता, टायर झटपट गरम होणार होते. हिशेब बरोबर होता. रेस अर्ध्याहून जास्त होईपर्यंत गाडी पहिल्या काहींत धावत होती.

मग कोणाचं तरी इंजिन फुटून ट्रॅकवर तेल सांडलं. अशा वेळी पिवळा झेंडा दाखवतात. सगळ्या गाड्यांनी एका पुढच्या गाडीमागे सावकाश फिरत राहायचं, सफाई होईपर्यंत. साधारणपणे ते लवकर आटपतं. त्या दिवशी तेल सगळीकडे पसरलं होतं, वर पावसाची एक हलकी सर येऊन गेली, आणि गाड्या सावकाश फिरतच राहिल्या... फिरतच राहिल्या. पिवळ्या झेंड्याच्या जरा आधीच नवे टायर घालून ट्रॅकवर परतलेला टायलरही त्यांत होता. शेवटी हिरवा झेंडा पडला, गाड्या सुटल्या, आणि दुसऱ्याच वळणावर टायलरची गाडी वळली नाही. पुढचा उजवा टायर फुटला होता. गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली.

तो वाचला. मांडीचं हाड मोडलं, ते पुढे जुळलं. डोक्याला मार बसला होता, तो मात्र बरा झाला नाही. उजेड सहन होईना, अक्षरं हलायला लागली, आणि काही दिवसांनी झटके येऊ लागले. डॉक्टरांनी सांगितलं की रेसिंग तर सोडाच, रस्त्यावरही गाडी चालवायची नाही.

टीमने बाहेर सांगितलं, ट्रॅकवर पडलेल्या कशाने तरी टायर कापला गेला असावा. ते खोटं होतं असं म्हणता येणार नाही. टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. त्यातून कोणालाच काही सिद्ध करता आलं नसतं. पण शुभदा घरी बसून हिशेब परत मांडत राहिली. हवा किती होती, ऊन किती, पावसाने ट्रॅक किती निवला, सावकाश फिरताना टायरमधला दाब किती उतरला असेल. आठवडाभर ती फोनवर धड बोलत नव्हती. मग एका सकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. "माझ्या गणितात तो पिवळा झेंडा नव्हता गं. लहान धरला होता, इतका लांब नव्हता धरला. टायर थंड पडले, दाब उतरला, आणि तसाच तो पूर्ण वेगाने वळणावर गेला. तुला शनिवारी वेळ आहे का? मला त्याच्या घरी जायचंय. मला ड्राइव्ह नाही करता येणार."

ती टीमशी आधी बोलली होती. रॉय म्हणाला होता, "डॉक, हे आपल्याला कधीच नक्की कळणार नाही." ही म्हणाली, "मला कळलंय." टीमच्या वकिलाने तिला बजावलं की कोणाशी काही बोलायचं नाही. तिने राजीनामा लिहून दिला, आणि शनिवारी मी तिला घेऊन त्या डोंगराकडच्या गावी गेले. वाटेत ती एकदाच बोलली. "विनय म्हणतो, नको जाऊ. तुला काय वाटतं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

टायलरची आई ब्रेंडा दारात आली. धिप्पाड, करड्या केसांची बाई. तिला वाटलं आम्ही भेटायला आलोय. तिने बर्फ घातलेला गोड चहा पुढे केला, बसा म्हणाली. पडदे ओढलेले होते. टायलर काळा चष्मा लावून आरामखुर्चीत पडला होता, पाय वर केलेला. शुभदा त्याच्यासमोर एका बुटक्या स्टुलावर बसली आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाली, "टायलर, टायर कशाने कापला गेला नाही. हवा कमी होती. तो आकडा माझा होता."

मग ब्रेंडा म्हणाली, "म्हणजे इतक्या लांब तुम्ही माझ्या पोराला हे सांगायला आलात, की तुमची बेरीज चुकली?"

"हो," शुभदा म्हणाली.

ब्रेंडा उठली आणि मागच्या दाराने अंगणात निघून गेली. जाळीचं दार तिच्यामागे आपटलं. मला वाटलं आता आपणही उठावं. टायलर हलला नाही. खुर्चीतूनच म्हणाला, "मला सांगा कसं झालं ते."

शुभदाने सोफ्यावरची एक उशी उचलली. दोन्ही हातांत धरून ती तिने दुमडली, सोडली, परत दुमडली. "हवा कमी असली की टायरची बाजू जमिनीशी येताच अशी दुमडते. दर वेळी. चाक एकदा फिरलं की एकदा. त्या दुमडण्याने रबर आतून तापतं, इतकं की आतल्या दोऱ्यांपासून सुटतं. बाहेरून काही दिसत नाही. पिवळ्या झेंड्याआधी टायर चांगला होता. पिवळ्यात तो थंड पडला, आणि तू सुटलास तेव्हा मी धरलेला दाब त्यात उरला नव्हता."

टायलर ऐकत होता. मग चष्मा न काढता म्हणाला, "मला ते जाणवलं होतं. हिरवा पडल्यावर पहिल्याच वळणात. स्टिअरिंग चिखलात फिरवल्यासारखं लागलं. मी रेडिओवर बोलणार होतो... मग म्हटलं, डॉकने आकडा काढलाय. तिला माहीत असणार."

शुभदा ती उशी मांडीवर घेऊन तशीच बसली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही ती रडली नाही. पण परतीच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा गाडीतून न उतरता ती म्हणाली, "त्याच्या हातांना आधी कळलं होतं गं. आणि तो काहून गप्प बसला, तर माझ्यामुळे. माझ्या आकड्याला उलट बोलायचं असतं, हे मी त्याला कधी सांगितलंच नाही."

विनयचं आणि तिचं यावरून मोठं भांडण झालं. माझ्यासमोरच झालं. विनय शांत माणूस, पण त्या दिवशी तो भडकला होता. "तू मोकळी झालीस, शुभदा. त्या बाईला काय मिळालं? काल तिचा मुलगा नशिबाने पडला होता, आज कोणामुळे तरी पडलाय." ती म्हणाली, "तिला खरं मिळालं." "त्याचं ती काय करणार?" त्याने विचारलं. विनयचं चुकलं होतं असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. आमच्या कामातही औषध लागू पडलं नाही तर ते सांगावं लागतं, पण आम्ही ते कागदाला सांगतो. माणसाच्या घरी जाऊन स्टुलावर बसून कोणी सांगत नाही.

पुढे तिने एका कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकवायला घेतलं. रेसिंगच्या गाड्या बांधणाऱ्या, टायर हाताळणाऱ्या मुलामुलींचा वर्ग. पगार आधीच्या मानाने काहीच नाही. मी एकदा तिचा वर्ग बघायला गेले होते. वर्कशॉपमध्ये एक जुनी गाडी उचलून ठेवलेली, भोवती पोरं. एकाने लॅपटॉप उघडला तर ही म्हणाली, "बंद कर. आधी ज्याने चालवली त्याला विचार, काय वाटलं. त्याचं ऐकून घे, लिहून घे. मग उघड. स्क्रीन आणि तो यांचं जमत नसेल तर स्क्रीनचा तपास आधी करायचा." साधी गोष्ट. पण ती सांगताना तिचा चेहरा का बदलला होता हे मला ठाऊक होतं आणि त्या पोरांना नव्हतं.

अपघाताला दीडेक वर्ष झालं असेल, तेव्हा एके दिवशी टायलर त्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसला. तिला आधी कळवलं नव्हतं. नाव नोंदवून रीतसर आला होता. वर्ग संपल्यावर तिने विचारलं, का आलास? तो म्हणाला, "मला जाणवतं ते आकड्यात कसं सांगायचं ते शिकायचंय. म्हणजे पुढच्या वेळी कोणी गप्प बसणार नाही." त्याला अपूर्णांकसुद्धा धड येत नव्हते. अक्षरं अजून मधूनच हलायची. शुभदा त्याच्यासाठी मोठ्या अक्षरांत, काळ्या जाड पेनाने उदाहरणं लिहायची. समीकरण कशाला म्हणतात इथपासून सुरुवात. एकदा मला फोनवर म्हणाली, "आज त्याने स्वतःहून त्रिकोणमिती वापरली. तिरप्या वळणावर किती वेगाने गेलं तर स्टिअरिंग धरावंच लागणार नाही, ते काढलं त्याने. आणि मग म्हणतो कसा, 'हे तर मला माहीत होतं!' अगं, खरंच माहीत होतं त्याला!" इतक्या आनंदात तिचा आवाज मी फार थोड्या वेळा ऐकला.

गाडी चालवायची नसल्यामुळे त्याला वर्गाला आणायचं काम ब्रेंडाचं. डोंगरातून दोन तास हाकत यायची आणि वर्ग सुटेपर्यंत पार्किंगमध्ये आपल्या जुन्या ट्रकमध्ये बसून राहायची. आत कधी आली नाही. शुभदाशी त्या शनिवारनंतर ती एक शब्दही बोलली नव्हती. आज टायलर त्याच कॉलेजात वर्कशॉप सांभाळतो, तरुण ड्रायव्हरांना गाडीबद्दल बोलायला शिकवतो. तेही आईच्याच ट्रकमधून येऊन.

शुभदाचं दुखणं उशिरा कळलं. पोटात होतं, पसरलेलं होतं. तिने उपचार घेतले, ते थांबवले, आणि जमेल तोवर वर्गात जात राहिली. शेवटचं भेटले तेव्हा तिला मी डाळीचे गोळे घातलेला गोळाभात करून नेला होता. चार घास खाल्ले असतील. म्हणाली, "तुझ्या हातचा गोळाभात नागपूरचा नाही लागत, पुण्याचा लागतो. गोड." मी म्हटलं, गूळ टाकलाच नाही. "मग तूच गोड असशील," म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. नंतर माझ्या मनगटावर बोटं ठेवून म्हणाली, "ये गं अधूनमधून. विनय एकटा जेवत नाही." मूलबाळ नव्हतं त्यांना. एवढंच बोलणं झालं.

तिला निरोप द्यायला सगळे जमलो तो हॉल लहान होता. आमची मराठी मंडळी एका बाजूला, साड्या, शर्ट, दबक्या आवाजात 'काकू, बसा ना'. दुसऱ्या बाजूला तिची जुनी टीम, इस्त्रीचे शर्ट घालून अवघडलेली. टायलर पुढे जाऊन बोलला. त्याने अपघाताचं काही सांगितलं नाही. तिने आपल्याला गुणाकार कसा शिकवला ते सांगितलं आणि खाली बसला. मी खिडकीशी होते. बाहेर पार्किंगमध्ये ब्रेंडाचा ट्रक उभा होता, आत ती.

रॉय माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. म्हातारा झालाय आता. ट्रककडे बघत हळू आवाजात त्याने विचारलं, "त्या दिवशी त्यांच्या घरी तुम्ही होतात ना तिच्याबरोबर? माझं नाव घेतलं होतं का तिने?" मी म्हटलं, नाही. कशाबद्दल? तो खिडकीला आणखी जवळ सरकला. मग म्हणाला, "तिने दिलेला पहिला आकडा वरचा होता. मी दोनदा परत पाठवला. आणखी खाली आण म्हटलं. तिसऱ्यांदा तिने आणला." त्याने टोपी उचलली, दार ढकललं आणि पार्किंगमध्ये गेला. ट्रकची काच खाली झाली. तो वाकून बोलत होता, ती समोर बघत होती. काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. रॉय परतला तो एकटाच, आणि एका कोपऱ्यात जाऊन बसला.

बऱ्याच वेळाने ब्रेंडा आत आली. खुर्ची दिली तर नको म्हणाली. शुभदाच्या फोटोपुढे उभी राहिली, मग विनयकडे वळून म्हणाली, "थंडीत ती मला ट्रकमध्ये चहा आणून द्यायची. काच खाली केली की कप द्यायची आणि जायची. त्यात आलं असायचं. मला आल्याचा चहा अजिबात आवडत नाही." जरा थांबून म्हणाली, "पण प्यायचे मी." विनयने मान हलवली. या चहाबद्दल शुभदा त्यालाही कधी बोलली नव्हती, मलाही नाही. ब्रेंडाने त्याच्या दंडाला हात लावला आणि टायलरला घेऊन गेली. तिने माफ केलं का? मला तसं म्हणवत नाही. ती आत आली, एवढं मी पाहिलं.

गेल्या शनिवारी मी शार्लटला त्यांच्या घरी मुक्कामाला गेले होते. साड्या वेगळ्या काढायच्या होत्या, विनयला जेवायला घालायचं होतं. त्या घरी राहिलं की निघायच्या दिवशी सकाळचा एक कार्यक्रम ठरलेला असायचा. चहाआधी शुभदा गाऊनवरच बाहेर यायची, हातात टायरची हवा मोजायचं तिचं ते पितळी मीटर, आणि पाहुण्याच्या गाडीची चारी चाकं तपासायची. कोणाचीही गाडी असो. आम्ही हसायचो. ती म्हणायची, "आत्ताच बघायला पाहिजे, टायर थंड आहेत तोवर. एकदा गाडी चालवली की खरं नाही कळत."

रविवारी सकाळी मी बॅग घेऊन बाहेर आले तर ड्राइव्हवेवर विनय माझ्या गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला होता. पायजमा दवाने ओला झालेला, चष्मा नाकावर उतरलेला. हा माणूस आयुष्यात एकदाही रेस बघायला गेला नाही. आवाजाने त्याचं डोकं दुखायचं. गाडीत पेट्रोलसुद्धा शुभदाच भरून ठेवायची. हातात ते मीटर उलटं धरून तो त्याच्या काट्याकडे बघत होता.

"हे किती असायला पाहिजे गं?" त्याने मान वर न करता विचारलं.

मी बॅग खाली ठेवली, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि चौकटीवर चिकटवलेल्या कागदावरचा आकडा त्याला वाचून दाखवला. त्याने मीटर सुलट केलं आणि परत लावलं. थोडी हवा सुटल्याचा आवाज आला, मग तो बंद झाला. "कमी आहे जरा," तो म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून, पंप आणायला गॅरेजकडे निघाला.